लाकडी घरातला नाताळ

अगं, या वर्षी मुलांसाठी खराखुरा ट्री आणणार म्हणालीस, छान केलंस. शाळेत, लायब्ररीत, शेजारपाजारच्या खिडक्यांत सगळीकडे लखलखाट असताना आपल्याच पोरांनी का म्हणून हिरमुसायचं? सण आपला मानला की आपला. तेव्हा ट्री आण, दिव्यांच्या माळा सोड, माणसं जेवायला बोलाव. फक्त त्याआधी घटकाभर माझ्याजवळ बस. न्यू जर्सीत स्वतःचं टाउनहाउस घेतलंस, त्यातला हा तुझा पहिला डिसेंबर. घर दाखवणाऱ्या एजंटने तुला शाळा दाखवल्या, ट्रेनचं स्टेशन दाखवलं, किचनचा ग्रॅनाइट ओटा दाखवला. एक गोष्ट मात्र सांगायची राहिली असणार. ती ताईने सांगायची.

हे घर लाकडाचं आहे, बाई.

आपण वाढलो विटा, सिमेंट आणि शहाबादी फरशीत. तिथे समई कलंडली तर फरशीला काळा डाग पडायचा, आई चार शब्द सुनवायची आणि पोतेरं फिरवलं की विषय संपायचा. इथे रंगवलेल्या गुळगुळीत भिंतीच्या मागे लाकडी चौकट, पायाखाली लाकडी तुळया, त्यावर कार्पेट आणि डोक्यावर लाकडी छप्पर. जिप्समची ड्रायवॉल आगीला अडवते, पण थोडाच वेळ. त्यात आपण भर घालतो फोमच्या सोफ्याची, पॉलिएस्टरच्या पडद्यांची, प्लॅस्टिकच्या खेळण्यांची. विजेच्या वस्तूंवर ‘यूएल’चा शिक्का असतो ना, त्या संस्थेतल्या संशोधकांनी जुन्या आणि नव्या सामानाने भरलेल्या खोल्या मुद्दाम पेटवून पाहिल्या. त्यांचं सांगणं असं, की चाळीसेक वर्षांपूर्वी पेटत्या घरातून बाहेर पडायला साधारण १७ मिनिटं मिळायची. आता मिळतात जेमतेम ३. दोन मुलांना साखरझोपेतून उठवून, कडेवर घेऊन जिना उतरायचा, तर तीन मिनिटं किती पुरतात ते तूच सांग.

म्हणून माझं सगळं सांगणं एवढंच आहे. आपल्या सवयी सिमेंटच्या घरात घडल्या. त्या लाकडाच्या घरात जशाच्या तशा चालायच्या नाहीत. सण सोडायचा नाही, सवयी बदलायच्या.

पहिली सवय कोणती, ते खरं खरं सांग. तुझ्या जिन्यातला स्मोक अलार्म आत्ता कशात गुंडाळला आहेस? हसू नकोस. इथल्या कितीतरी मराठी घरांत त्याला हॉटेलातून आणलेली शॉवर कॅप घातलेली असते, नाहीतर त्याची बॅटरी काढून टीव्हीच्या रिमोटला लावलेली असते. कारण मला ठाऊक आहे. मोहरी तडतडली, लाल मिरची तेलात पडली, की हा बोंबलायला लागतो. बाळ नुकतंच झोपलेलं असतं, पाहुणे दारात असतात, आणि नवरा स्टुलावर चढून त्याचं तोंड बांधतो. फोडणी होते, जेवणं होतात, पाहुणे जातात आणि ती कॅप तशीच राहते. पुढच्या नाताळापर्यंत.

ती आजच काढ. या देशात घरांच्या आगीत माणसं दगावतात, त्यांतले पाचांपैकी साधारण तीन मृत्यू अशा घरांत होतात जिथे अलार्म नव्हता किंवा असून चालत नव्हता. माणूस झोपेत धुराच्या वासाने जागा होईल, या भरवशावर राहू नकोस. धूर उठवत नाही, उलट गुंगी आणतो. उठवतो तो हा बोंबलणारा डबाच.

आणि फोडणीवर उपाय आहेत की. तुझी चिमणी वाफ खरंच घराबाहेर सोडते, की जाळीतून गाळून परत तुझ्याच तोंडावर सोडते, ते आधी बघ. इथल्या पुष्कळ घरांत दुसरा प्रकार असतो. तसं असेल तर फोडणीच्या आधी खिडकी उघड, नंतर नको. अलार्म शेगडीपासून किमान दहा फूट लांब हवा. जवळ असेल तर जागा बदलून घे. स्वयंपाकघराच्या आसपास ‘फोटोइलेक्ट्रिक’ प्रकारचा लाव, तो फोडणीला तितका चटकन भडकत नाही. त्यावर ‘हश’ नावाचं बटण असतं. ते दाबलं की काही मिनिटं गप्प बसतो आणि मग आपोआप पुन्हा पहाऱ्यावर येतो.

प्रत्येक झोपायच्या खोलीत एक, खोल्यांच्या बाहेर एक, आणि तळघर धरून प्रत्येक मजल्यावर एक, असे अलार्म हवेत. महिन्यातून एकदा बटण दाबून आवाज ऐकायचा. दहा वर्षांनी सबंध डबाच बदलायचा. मागच्या बाजूला तारीख छापलेली असते, घर जुनं असेल तर नक्की बघ. आणि त्याची भाषा शिकून घे. मधूनच एकदा ‘चिक्’ करतो तेव्हा तो बॅटरी मागतोय किंवा म्हातारा झालाय. तीन-तीनदा ओरडतो तेव्हा आग. चार-चारदा ओरडतो तेव्हा कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे फर्नेस किंवा गॅसच्या अर्धवट जळण्यातून येणारा, ज्याला वास नाही न् रंग नाही असा विषारी वायू. मग खिडक्या उघडत बसायचं नाही, मुलांना घेऊन बाहेर पडायचं आणि ९११ ला फोन करायचा.

आता ट्री. खरा ट्री म्हणजे कापून आणलेलं झाड, ते तहानलेलं असतं. घेतानाच फांदीवरून हात ओढून बघ. सुया हातात आल्या, खोड आपटल्यावर खाली सडा पडला, तर ते झाड कितीही स्वस्त असो, सोडून दे. घेतलंस की बुंध्याचा इंच-दोन इंच भाग तिथेच कापून घे. जुन्या कापावर चीक सुकून थर बसलेला असतो, त्यातून पाणी वर चढत नाही. घरी आल्या आल्या स्टँडमध्ये पाण्यात उभं कर. पहिल्या दिवशी ते इतकं पाणी पितं की तू चाट पडशील. त्यानंतर रोज सकाळी त्यात पाणी आहे का ते बघायचं. तुळशीला घालतेस ना, त्याच वेळी.

हे का, ते ऐक. भरपूर पाणी प्यालेलं झाड सहजासहजी पेट घेत नाही. सुकलेलं झाड मात्र पेटलं तर अर्ध्या-एक मिनिटात सबंध खोली गिळतं. तज्ज्ञांनी प्रयोग करून हे दाखवलेलं आहे, त्याच्या चित्रफिती बघायला मिळतात. नवऱ्याला दाखव, मुलांना नको. मेरीलँडमध्ये ॲनापोलिसजवळ १९ जानेवारी २०१५ च्या पहाटे एक भलंमोठं, आलिशान घर जळालं. मुक्कामाला आलेली चार नातवंडं आणि त्यांचे आजी-आजोबा, सहाही जण गेले. विजेच्या सॉकेटमध्ये बिघाड झाला आणि शेजारच्या पंधराएक फुटी सुकलेल्या ट्रीने पेट घेतला, असा तपासाचा निष्कर्ष निघाला. तारीख लक्षात घे. नाताळ होऊन साडेतीन आठवडे उलटले होते. या देशात ट्रीमुळे लागणाऱ्या घरगुती आगी वर्षाला दीडशेच्या आसपास, म्हणजे फार नव्हेत. पण लागते तेव्हा ती निर्दय असते. तेव्हा नववर्षाचा दिवस झाला की ट्री घराबाहेर. ‘राहू दे गं, पोरांना आवडतोय’ म्हणायचं नाही. बहुतेक गावांत जानेवारीत नगरपालिकेची गाडी झाडं गोळा करायला येते, तिचा वार बघून ठेव. गॅरेजमध्ये टेकवून ठेवू नकोस आणि फांद्या तोडून फायरप्लेसमध्ये तर मुळीच घालू नकोस.

ट्री उभा करायचा तो हीटरच्या झडपेपासून, फायरप्लेसपासून, मेणबत्तीपासून किमान तीन फूट, म्हणजे आपल्या जुन्या मापाने दोन हात लांब. आणि दाराच्या वाटेत नको. टाउनहाउसच्या पुढच्या खोलीत जागा कमी, म्हणून सगळे तो प्रवेशाजवळच उभा करतात. मग जे पेटणार तेच बाहेर पडायच्या वाटेवर.

दिव्यांच्या माळांचीही एक गंमत सांगते. तू एडिसन गावाला दर शनिवारी भाजी आणायला जातेस ना, ते ज्याच्या नावाचं, त्याच थॉमस एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने १८८२ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमधल्या आपल्या घरी ट्रीवर पहिल्यांदा विजेचे दिवे लावले. लाल, पांढरे, निळे, एकूण ८०. त्याआधी लोक ट्रीवर चक्क पेटत्या मेणबत्त्या लावत आणि शेजारी पाण्याची बादली भरून ठेवत. वीज आली, बादली गेली, पण धोका सगळा गेला नाही. ट्रीच्या आगींपैकी जवळपास निम्म्या आजही विजेच्या तारा, दिवे आणि जोडण्यांमुळेच लागतात.

म्हणून दिवाळीच्या माळा पेटीतून काढशील तेव्हा उजेडात बसून एकेक तपास. वायरचं कवच तडकलेलं, दिवा फुटलेला, सॉकेट सैल झालेलं दिसलं तर दुरुस्तीच्या फंदात पडू नकोस, टाकून दे. भारतातून आणलेल्या माळा इथे लावायच्याच नाहीत. तिकडची वीज २३० व्होल्टची, इथली १२०; प्लगला ॲडॉप्टर लावून त्या जोडायचा उद्योग तुझा नवरा करेल, त्याला आवर. इथल्या एलईडी माळा घे, यूएलचा शिक्का बघून. त्या फारशा तापत नाहीत आणि वीजही कमी खातात. वेष्टनावर घरातल्या की बाहेरच्या ते लिहिलेलं असतं, आणि एकापुढे एक किती जोडायच्या तेही. ते वाचायचं. जुन्या पद्धतीच्या बारीक दिव्यांच्या माळा तीनपेक्षा जास्त एकात एक गुंफायच्या नाहीत. एक्स्टेंशन कॉर्ड कार्पेटखालून न्यायची नाही, तिच्यावर खिळे ठोकायचे नाहीत, आणि प्लगच्या एका पट्टीत दुसरी पट्टी खुपसायची नाही. रात्री झोपायला जाताना माळा बंद. घराबाहेर पडतानाही बंद. साधा टायमर मिळतो, तो लाव म्हणजे आठवणीवर काही राहणार नाही.

खरा ट्री नकोच वाटला तर नकली आण, त्यात कमीपणा काही नाही. फक्त खोक्यावर ‘फ्लेम रिटार्डंट’ लिहिलेलं बघ. त्याचा अर्थ तो जळत नाही असा नाही. सहज पेट घेत नाही, एवढाच.

आता देवाकडे येऊ. डिसेंबरात तुझे मार्गशीर्षातले गुरुवार असतात, दत्तजयंती असते. आणि त्याच महिन्यात घरात सुवासाच्या मेणबत्त्याही येतात, प्रत्येक पाहुणा एक घेऊनच येतो. मेणबत्तीने लागणाऱ्या आगी इथे वर्षात सर्वांत जास्त डिसेंबरात होतात, आणि त्यातही नाताळच्या दिवसांत. ज्योतीला मेणबत्ती कुठली आणि समई कुठली हे कळत नाही. तुझा देव्हारा क्लोझेटमध्ये आहे, वर कपड्यांचा कप्पा आणि बाजूला लाकडी दार, हे मला व्हिडिओ कॉलवर दिसलंय. तिथे समई नको. ज्योतीच्या चहूबाजूंना आणि वरही फूटभर मोकळी जागा हवी. पितळी परातीत समई ठेव, परात दगडी ओट्यावर किंवा टाइलवर ठेव, हीटरच्या झोतापासून लांब. पूजा, कहाणी, आरती होईपर्यंत तू तिथे आहेस, तोवर दिवा असू दे. उठताना दिवा शांत करून ऊठ. ‘देवाचा दिवा आपण मालवू नये’ असं सासूबाई म्हणतील. त्यांना सांग, वात आपोआप विझेपर्यंत मी इथेच बसते, नाहीतर देवापुढे बॅटरीचा दिवा लावते. महालक्ष्मी रागावायची नाही. घर सांभाळणारीवर ती कशाला रागावेल? आणि आरती करताना पदर खोच. जॉर्जेट, पॉलिएस्टर नुसतं जळत नाही, वितळून अंगाला चिकटतं.

मुलांच्या हाताला लागेल अशी काडेपेटी किंवा लायटर घरात कुठेच नको. फिलाडेल्फियात ५ जानेवारी २०२२ च्या सकाळी एका घरात १२ जण गेले, त्यांतली बरीचशी मुलंच. पाच वर्षांचा एक मुलगा लायटरशी खेळत होता आणि शेजारी ट्री होता. त्या लेकराला काय दोष द्यायचा?

स्वयंपाकघराचं तुला मी काय शिकवणार, तरी तीन गोष्टी सांगते, कारण घरांच्या आगी सर्वांत जास्त लागतात त्या स्वयंपाकातूनच, आणि थँक्सगिव्हिंगपाठोपाठ नाताळचे दिवस त्यात वरच्या क्रमांकावर असतात. एक, तुझा ओव्हन रिकामा कर. आपल्याकडे ओव्हन म्हणजे कढया, तवे आणि प्लॅस्टिकच्या झाकणांचं कपाट. पॉटलकला आलेली मैत्रीण केक गरम करायला म्हणून बटण फिरवते आणि आतली झाकणं वितळायला लागतात. दोन, काचेच्या शेगडीला ज्योत नसते, म्हणून आईला ती बंदच वाटते. ती वर फडकं ठेवते, पेपर टॉवेलचा रोल ठेवते. आई-बाबा आले की पहिल्याच दिवशी तिला लाल दिवा दाखव आणि सांग, हा विझेपर्यंत शेगडी गरम आहे. तीन, तळण. वडे तळताना तेलाने पेट घेतला तर पाणी टाकायचं नाही. पाणी तेलाखाली जाऊन क्षणात वाफ होतं आणि पेटतं तेल छतापर्यंत उडवतं. शेगडी बंद करायची, कढईवर झाकण किंवा बेकिंगचा ट्रे बाजूने सरकवायचा, आणि थंड होईपर्यंत उचलून बघायचं नाही. कढई उचलून दाराकडे धावायचं तर नाहीच नाही. म्हणून तळायला बसण्याआधीच झाकण हाताशी ठेव.

वास घरभर नको म्हणून लोक गॅरेजमध्ये प्रोपेनची शेगडी मांडून तळतात. तिथे गाडी असते, पेट्रोलचा वास असतो, रंगाचे डबे असतात. ते करायचं नाही. तळायचं असेल तर मोकळ्या अंगणात, घराच्या भिंतीपासून चांगलं दहा फूट लांब. लाकडी डेकवरही नको. आणखी एक. न्यू जर्सीत घर हातबदल होताना स्मोक अलार्म, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आणि स्वयंपाकघराजवळचं अग्निशामक नळकांडं यांचा दाखला लागतो. म्हणजे तुझ्याकडे नळकांडं आहे. ते सिंकखाली फिनेलच्या बाटल्यांमागे आहे का, बघ. काढून स्वयंपाकघराच्या दाराजवळ टांग.

आई-बाबांना थंडी वाजते म्हणून तू स्पेस हीटर आणशील. आण, पण त्याच्या चारी बाजूंना दोन हात मोकळे ठेव. रजई, पडदा, ओली शाल काहीही जवळ नको. तो थेट भिंतीतल्या सॉकेटमध्येच लावायचा, एक्स्टेंशनमध्ये कधीच नाही. कलंडला की आपोआप बंद होणारा घे. ते झोपले की बंद कर आणि वर एक जास्तीची रजई घाल.

आता तुझी जर्सी सिटीतली मैत्रीण म्हणेल, आमची इमारत काँक्रीटची, आम्हाला कसली भीती? तिला सांग, न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्समध्ये ९ जानेवारी २०२२ ला एका १९ मजली इमारतीत १७ जण गेले. सुरुवात एका स्पेस हीटरपासून झाली. आग फार पसरलीही नाही. पसरला तो धूर, कारण आपोआप मिटायला हवं होतं ते फ्लॅटचं दार उघडं राहिलं आणि जिने धुराने भरून गेले. तेव्हा घर लाकडाचं असो की काँक्रीटचं, बाहेर पडताना मागचं दार ओढून घ्यायचं. रात्री झोपतानाही खोल्यांची दारं बंद ठेवायची. आपल्याला मुलांचं दार उघडं ठेवायची सवय असते, पण बंद दार धूर आणि आग दोन्ही बराच वेळ थोपवून धरतं. मुलांच्या खोलीत अलार्म आहे ना, मग दार लाव.

तुझ्याकडे लाकडं जाळायची फायरप्लेस असेल तर तिच्याशी दोस्ती जपून कर. चिमणी वर्षातून एकदा माणूस बोलावून साफ करून घे, आत चिकट काजळी साठते आणि तीच पेटते. भेटवस्तूंचे रंगीत कागद त्यात टाकू नकोस. ते भडकन पेटतात आणि जळते तुकडे धुराड्यातून वर जातात. आणि राख. राख विझलेली दिसते, पण आतले निखारे दिवस-दिवस जिवंत राहतात. कनेक्टिकटमध्ये स्टॅमफर्डला २०११ सालच्या नाताळच्या पहाटे एक घर जळालं. तीन लहानग्या बहिणी आणि त्यांचे आजी-आजोबा गेले. फायरप्लेसमधले निखारे काढून घराला लागूनच ठेवले होते, त्यातून आग लागली, असं अग्निशमन अधिकाऱ्यांनी सांगितलं. राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात काढायची, त्यात पाणी ओतायचं आणि डबा घरापासून दहा फूट लांब उघड्यावर ठेवायचा. कागदी पिशवीत नाही, गॅरेजमध्ये नाही, डेकवर नाही.

भेटवस्तूंवरून आठवलं. मुलाला बॅटरीवरची स्कूटर हवी आहे ना? २०१६ साली इथे पाच लाखांहून जास्त होव्हरबोर्ड, म्हणजे बॅटरीवरच्या दोनचाकी फळ्या, बाजारातून परत मागवावे लागले होते, बॅटऱ्या पेट घ्यायच्या म्हणून. स्वस्तातली, नाव-गाव नसलेली वस्तू घेऊ नकोस. सोबत आलेल्याच चार्जरने चार्ज करा, जागे असताना करा, आणि बाहेर पडायच्या दाराजवळ किंवा पलंगावर करू नका. बॅटरी फुगली, तापली, वास आला तर वापर बंद.

एवढं सगळं करूनही कधी वेळ आलीच तर काय, ते आत्ताच ठरव. प्रत्येक खोलीतून बाहेर पडायचे दोन मार्ग हवेत, एक दार आणि एक खिडकी. आई-बाबांना तळघरात झोपवणार असशील तर तिथे माणूस बाहेर पडू शकेल एवढी खिडकी आहे का आणि ती त्यांना उघडता येते का, बघ. नसेल तर त्यांना वर झोपव, मुलं हॉलमध्ये लोळतील. रविवारी सगळ्यांना घेऊन एकदा सराव कर. धुरात उभं राहायचं नाही, रांगायचं. दार उघडण्याआधी तळहाताची उलटी बाजू लावून बघायची. गरम असेल तर उघडायचं नाही. बाहेर सगळ्यांनी एकाच जागी जमायचं, तुमच्या पत्रपेटीपाशी म्हण. माणसं मोजायची आणि मग फोन.

बाबांना ९११ शिकव. आधी पत्ता सांगायचा, मग ‘फायर’. पत्ता मोठ्या अक्षरांत फ्रिजवर लाव. इंग्रजी अडलं तर ‘मराठी’ म्हणायचं, बहुतेक ठिकाणी फोनवर दुभाषी जोडून देतात. आणि आईला माझ्यातर्फे बजाव, पाटल्या, मंगळसूत्र, पासपोर्ट काही घ्यायला आत परत जायचं नाही. पासपोर्ट वकिलातीतून नवा मिळतो, सोनं पुन्हा करता येतं. एकदा बाहेर पडलेला माणूस आत शिरला की त्याला शोधायला दुसऱ्याला शिरावं लागतं.

बघ, यातलं काहीही महाग नाही आणि यासाठी सणातलं काहीही सोडावं लागत नाही. ट्री असू दे, समई असू दे, वडेही असू देत. फक्त हे घर विटांचं नाही, हे विसरू नकोस. आज रात्री झोपण्याआधी जिन्यातल्या अलार्मची कॅप काढ आणि बटण दाबून बघ. आवाज आला तर उत्तम. नाही आला तर उद्या आधी बॅटरी आण. ट्री शनिवारी आणलास तरी चालेल.